पाकिटावर खेळलेली वर्षं

कबड्डीत मी पुष्कळ संघांकडून खेळलो आणि एकाही संघाचा झालो नाही. आधी गावचं मंडळ, मग पालघर-वसईकडची मंडळं, मधे मुंबईतल्या एका कंपनीचा करार, आणि त्यानंतर पुन्हा गावोगावच्या रात्रीच्या स्पर्धा. जो बोलावील त्याच्याकडून उतरायचं, सामना संपला की पाकीट घ्यायचं आणि पहाटेच्या गाडीनं घरी यायचं. आमच्याकडे याला पाकिटावर खेळणं म्हणतात. अंगमेहनतीचे पैसे घेतले, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज वाटते ती वेगळ्या गोष्टींची. ज्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला, त्यांच्यापासून मी तीन वेळा काहीतरी लपवलं, आणि तिन्ही वेळा माझ्याबरोबर दुसऱ्यांनाही ते भोगावं लागलं.

डहाणू रोड स्टेशनवरून चारोटीच्या रस्त्याला लागलं की आशागड येतं. भातशेती, चिकूच्या वाड्या, फुग्याचे कारखाने. १९९१ साली केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि इथं मोठे कारखाने यायचे थांबले. झाडं राहिली, किनारा राहिला, ते चांगलंच झालं. पण पक्की नोकरी हवी असेल तर बोईसर गाठायचं, नाहीतर हद्द ओलांडून उंबरगाव-वापी. बाबा वाडीत चिकू उतरवायला जायचे. लांब बांबूच्या टोकाला जाळी, मान दिवसभर वर. आई कारखान्यात फुगे मोजून पिशव्या भरायची.

अशा घरातल्या पोराला परवडणारा खेळ कबड्डीच. भात कापून झालं की रिकाम्या शेतात ढेकळं फोडायची, माती चाळून पसरायची, पाणी मारून चोपायची आणि फक्कीनं रेषा आखायच्या. दिवाळीपासून पावसापर्यंत आमचं मैदान तयार. मी चढाईपटू. माझा पाय लांब पडायचा, त्यामुळे बोनस रेषा मला जवळ वाटायची. समोर सहा किंवा सात जण असले तरच बोनस मिळतो, म्हणून चढाई माझ्यावर आली की मी आधी माणसं मोजायचो. तेवढं मोजण्यात मी तरबेज होतो.

तेव्हा पालघर जिल्हा झालेला नव्हता. आम्ही ठाणे जिल्ह्यात मोडायचो. जिल्ह्याच्या कुमार संघात जागा मिळवायची म्हणजे कल्याण, डोंबिवली, भिवंडी, वसई, सगळीकडच्या पोरांशी टक्कर. डहाणूच्या पोराला विरारची शटल पकडून, पुढे लोकल बदलून चाचणीला पोचेपर्यंतच अर्धा दिवस जायचा. लोकल डहाणूपर्यंत आली ती १६ एप्रिल २०१३ ला, आणि तोवर माझे चांगले दिवस सरले होते. इतक्या लांबून जाऊन माझी निवड झाली. राज्य अजिंक्यपद निवड चाचणी स्पर्धेआधी संघाचं सराव शिबिर लागलं.

त्या शिबिराची खरी किंमत मला तेव्हा कळली नाही. २००५ पासून राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. त्यासाठी लागतो तो मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतल्या कामगिरीचा दाखला, आणि क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी होते. गावच्या स्पर्धेतल्या चषकांनी घरातली फळी भरते, पण अर्जाला तो एक कागदच जोडावा लागतो. शिबिरातल्या सरांनी हे आम्हाला पहिल्याच संध्याकाळी समजावून सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. पण मला कोणी समजावलं नव्हतं, असं मी पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगत फिरलो.

शिबिर चालू असताना वसईकडच्या एका गावातून निरोप आला. प्रकाशझोतातली स्पर्धा, शेवटची रात्र, त्यांचा चढाईपटू जायबंदी झालेला. पाकिटात बाबांच्या महिन्याच्या मजुरीपेक्षा जास्त पैसे होते. स्पर्धा संघटनेच्या मान्यतेची नव्हती, आणि माझी नोंदणी दुसऱ्या संघाकडे होती. मी सरांकडे गेलो आणि म्हणालो, "सर, आईला बरं नाही. एक दिवस घरी जाऊन येतो." सरांनी जास्त काही विचारलं नाही. खिशातून भाड्याचे पैसे काढून माझ्या हातावर ठेवले. मी ते घेतले.

त्या रात्री मी दुसऱ्याच मुलाच्या नावानं खेळलो. माझ्या चढाईला टाळ्या पडायच्या आणि लाउडस्पीकरवरून त्याचं नाव घेतलं जायचं. मी चांगला खेळलो. आम्ही चषक जिंकला. पंचांपैकी एक जण जिल्ह्याच्या चाचणीलाही पंच होते. सामना सुरू व्हायच्या आधी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, यादीवर नजर टाकली आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्याच क्षणी मी बाहेर पडू शकलो असतो. मी वाकून मध्यरेषेला हात लावला, तो कपाळाला नेला आणि चढाईला गेलो.

दुसऱ्या दिवशी शिबिरात परतलो. सरांनी विचारलं, "आई कशी आहे?" मी म्हणालो, "उतार आहे, सर." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काल चांगला खेळलास, असं कळलं." आवाज चढवला नाही, मुलांसमोर अपमान केला नाही. "बॅग भर," एवढंच म्हणाले. मला पुढे वर्षानुवर्षं छळलं ते त्या शिक्षेनं नाही. त्यांनी मला खरं बोलायची एक संधी दिली होती, आणि मी तीही घालवली.

माझ्या जागी राखीवातला एक मुलगा गेला. पुढे तो खेळाडू कोट्यातून नोकरीला लागला. त्याच्याबद्दल मनात कडवटपणा नाही. तो शिबिरात थांबला होता, मी थांबलो नव्हतो. घरी मी सांगितलं की निवडीत वशिला चालला. बाबांना ते खरं वाटलं आणि त्यांनी गावात दहा लोकांना सांगितलं. पण काही आठवड्यांनी डहाणूच्या बाजारात शिबिरातल्या एका मुलानं आईला गाठून विचारलं, "काकू, आता बरं वाटतं ना?" ती घरी आली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "मी कधी आजारी होते रे?" मी बोललो नाही. तिनंच हिशेब लावला. ज्या दिवशी मी तिला आजारी पाडलं होतं, त्या दिवशी तिनं कारखान्यात दोन पाळ्या केल्या होत्या.

तरीही मला आणखी एक संधी मिळाली. मुंबईच्या कबड्डीत व्यावसायिक गट म्हणून एक वेगळं जग आहे. महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक, मुंबई बंदर, रेल्वे, पोलीस असे संघ तेव्हा तिथं खेळायचे. लालबाग-परळ-प्रभादेवीच्या मैदानांवर मोठी झालेली किती तरी पोरं या संघांच्या आधारानं कायम नोकरीला लागली आणि घरं उभी राहिली. पद्धत साधी होती. आधी करारावर घ्यायचं, महिन्याला मानधन द्यायचं, एक-दोन मोसम पाहायचं आणि मोजक्या मुलांना कायम करायचं. अशाच एका कंपनीच्या चाचणीला मला बोलावणं आलं. तिचं नाव सांगायची गरज नाही. त्यांनी माझ्याशी वाईट काही केलं नाही.

चाचणीच्या थोडं आधी मी तलासरीकडच्या एका गावात पाकिटावर खेळलो होतो. चढाईतून परतताना उजव्या पायावर वळलो आणि गुडघ्यातून टक् असा आवाज आला. मलाच काय, शेजारच्या खेळाडूलाही तो ऐकू आला. रात्रीपर्यंत गुडघा फुगला. हाडवैद्यानं बांधून दिला. डहाणूच्या डॉक्टरांनी पाय वाकवून, पुढे ओढून पाहिला आणि सांगितलं, "लिगामेंट गेल्यासारखं वाटतंय, एमआरआय करून घे." पुढे दोन-तीन आठवड्यांत सूज उतरली. सरळ धावताना काहीच जाणवेना. ही दुखापत माणसाला अशीच फसवते. सरळ रेषेत गुडघा बरा वाटतो. पाय रोवून वळलं की तो जागेवरून निसटतो. आणि चढाई म्हणजे दर तीस सेकंदांत पाय रोवून वळणंच. एमआरआय मी केला नाही. खर्चामुळे नाही केला असं मी म्हणायचो, पण त्यात काय निघेल हे मला ठाऊक होतं, म्हणून केला नाही.

चाचणीच्या दिवशी एक छापील अर्ज भरायचा होता. नाव, जन्मतारीख, वजन, उंची, आणि त्याखाली 'पूर्वीची दुखापत' असा रकाना. तिथं मी 'नाही' लिहिलं. अक्षर वळणदार काढलं, हेही आठवतं. वेदनेची गोळी घेऊन उतरलो आणि निवडला गेलो.

मातीचं मैदान आणि मॅट यांत एक फरक आहे, तो खेळलेल्यालाच कळतो. मातीत अनवाणी पाय थोडा सरकतो, वळताना शरीराचा पीळ माती घेते. मॅटवर बुटाचा तळ घट्ट धरून राहतो, म्हणून तोच पीळ गुडघ्यावर येतो. मातीतून मॅटवर येणाऱ्या धडधाकट खेळाडूलाही वळायचं तंत्र बदलावं लागतं, मांडीचे स्नायू त्यासाठी वेगळे कमवावे लागतात. माझा तर गुडघाच आतून सुटा होता. मी सरावात पट्टा बांधायचो आणि विचारलं तर सवय म्हणून सांगायचो. आठवड्याला गोळ्या वाढत गेल्या. कर्णधारानं एकदा विचारलं, "काही असेल तर सांग, मी सांभाळून घेईन." तो तीन मोसम करारावर होता, आणि त्या वर्षी त्याला कायम करायचं की नाही हे ठरायचं होतं. त्यालाही मी काही नाही म्हणालो.

मोसमातला महत्त्वाचा बाद फेरीचा सामना. शेवटची दोन मिनिटं, आम्ही एका गुणानं मागे. आमची चढाई, आणि गुण घेतलाच पाहिजे. समोर सहा जण. कर्णधारानं स्वतः जायच्या ऐवजी मला पाठवलं, कारण बोनस हा माझा हुकमी गुण होता. मी डाव्या कोपऱ्याकडे गेलो, एकदा हुलकावणी दिली, आणि चवडा बोनस रेषेपलीकडे टेकवून मागचा पाय उचलला. गुण झाला होता. आता फक्त परत यायचं होतं. मी वळलो आणि गुडघा निसटला. मला कोणी धरलं नव्हतं, धक्का दिला नव्हता. मी आपोआप खाली बसलो आणि मग सगळे अंगावर आले. पकडीच्या गुणानं आम्ही पुन्हा मागे गेलो ते मागेच राहिलो. मैदानाबाहेर नेताना मला कर्णधाराचा चेहरा दिसला. त्याला वाटत होतं की आत्ताच काहीतरी मोठी दुखापत झाली. तो माझं डोकं धरून "काही होणार नाही, काही होणार नाही," म्हणत होता.

एमआरआयमध्ये सगळं उघड झालं. लिगामेंट जुनं तुटलेलं होतं, आणि त्यावर खेळत राहिल्यामुळे आतली गादीही फाटली होती. व्यवस्थापकांनी अहवाल वाचून विचारलं, "हे आधीचं आहे. सांगितलं का नाहीस?" मी म्हणालो, "घेतलं नसतंत." ते म्हणाले, "कदाचित घेतलं नसतं. पण घेतल्यावर सांगितलं असतंस तरी दुसरा चढाईपटू तयार ठेवला असता." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कर्णधार त्या वर्षी कायम झाला नाही. एका सामन्यामुळेच तसं झालं, असं मी म्हणणार नाही. पण तो सामना त्याच्या हिशेबात होता, आणि तो मी घालवला.

करार संपला. तिसरी गोष्ट मी घरात लपवली. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. करार संपल्याचं मी बायकोला सांगितलं नाही. बॅग घेऊन नेहमीसारखा निघायचो. विरारला उतरायचो, कुठे पाकिटावर खेळायला मिळतंय का बघायचो, उसने घ्यायचो आणि महिनाअखेरीस तेच पैसे मानधन म्हणून घरी द्यायचो. एका संध्याकाळी तिनं बॅगेतली जर्सी धुवायला काढली, नाकाशी नेली आणि पुन्हा घडी करून ठेवली. जर्सीला घामाचा वास नव्हता. तिनं त्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः कामाच्या चौकशीला आईच्या कारखान्यात गेली. माझ्याकडून खरं ऐकायची वाट पाहणं तिनं सोडून दिलं होतं. माझ्या सगळ्या पराभवांत मोठा पराभव मी हाच धरतो.

उसनवारी फेडायला उंबरगावला कारखान्यात लागलो. त्याच काळात कबड्डीचं जग पालटलं. २६ जुलै २०१४ ला वरळीच्या एनएससीआय संकुलात प्रो कबड्डी सुरू झाली. पहिलाच सामना यू मुंबा आणि जयपूर यांचा. मुंबईनं तो ४५-३१ असा जिंकला. मी तो गावात एका दुकानाच्या टीव्हीवर उभ्यानं पाहिला. आठवड्याभरात, १ ऑगस्टला, पालघर जिल्हा झाला. म्हणजे लांबच्या ठाण्याशी झगडावं लागत नाही असा आपला जिल्हा मिळाला, आणि पोटाला लावील अशी लीग मिळाली, पण दोन्ही मिळाली तेव्हा माझा गुडघा आणि वय दोन्ही गेलेलं होतं. पहिल्या लिलावात राकेश कुमारला १२ लाख ८० हजारांची सर्वोच्च बोली लागली होती. २०१८ मध्ये मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांवर गेला आणि आपला रिशांक देवाडिगा १ कोटी ११ लाखांवर. त्याच वर्षी जानेवारीत रिशांकच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं हैदराबादला सेनादलाला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. मला मनापासून आनंद झाला. उशिरा जन्मलो असतो तर, असा विचारही आला. पण तो खोटा दिलासा आहे. लीगमध्येही वैद्यकीय तपासणी होते, अर्ज भरावे लागतात, शिबिरात थांबावं लागतं. जिथं मी चुकलो, त्या सगळ्या जागा तिथंही आहेत.

संघ बदलत राहणारा खेळाडू हलका, असं मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीत माइक सिलिंजर नावाचा कॅनडाचा खेळाडू एनएचएल लीगच्या बारा संघांकडून खेळला. तो विक्रम आहे. क्लब त्याला एकमेकांना देत राहिले आणि तो जिथं गेला तिथं खेळला. तिथं दर बदलाला करार असतो आणि १९६७ पासून खेळाडूंची स्वतःची संघटनाही आहे. आमच्या पाकिटावरच्या पोराकडे यातलं काही नसतं. विमा नाही, दुखापतीचा खर्च नाही, उद्याचं बोलावणंही नक्की नाही. त्याच्याजवळ भांडवल दोनच. एक शरीर, आणि दुसरं म्हणजे त्याच्या शब्दावर लोकांचा असलेला भरवसा. शरीर तर प्रत्येक खेळाडूचं झिजतं. दुसरं भांडवल मी हातानं संपवलं, आणि ते संपल्यावर बोलावणी आपोआप थांबली.

आता मी संध्याकाळी गावातल्या मुलांचा सराव घेतो. मुलींचाही. बायकोनं त्यांच्या नोंदणीची, दाखल्यांची एक फाइल केली आहे. कुणाचं ओळखपत्र कधी संपतं हे तिला पाठ असतं. ती फाइल माझ्या हाती देत नाही. मी मागतही नाही.

गेल्या मोसमात आमच्या एका मुलाला मोठ्या संघाच्या चाचणीचं बोलावणं आलं. चढाईपटू, वळण फार सुरेख. चाचणीच्या काही दिवस आधी तो लंगडताना दिसला. मी गुडघा हातात घेऊन पाहिला, डॉक्टरांकडे नेलं. अर्धवट फाटलेलं लिगामेंट. तो म्हणाला, "सर, सूज उतरली आहे. चाचणी होऊ द्या, मग बघू." मी त्याला चाचणीला नेलं, आणि अर्जातल्या त्या रकान्यात खरं लिहायला लावलं. त्यांनी अर्ज वाचला, त्याला खेळवलं नाही, परत पाठवलं. खरं बोलल्याचा त्याला काही फायदा झाला नाही. त्याच्या जागी दुसरा मुलगा घेतला गेला.

त्याच्या बाबांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "सर, तुम्ही असताना माझ्या पोराची संधी गेली, हे बरोबर झालं का?" मी त्यांना माझा गुडघा दाखवला नाही, माझी गोष्टही सांगितली नाही. तेवढ्यानं त्यांचं नुकसान भरून निघालं नसतं. मी म्हणालो, "संधी गेली, खरं आहे. ती मी घालवली असं समजा. पण पाय बरा होईपर्यंत त्याला कुठेही पाकिटावर पाठवू नका."

मुलगा आता रोज सकाळी येऊन मांडीचे व्यायाम करतो. माझ्याशी कामापुरतंच बोलतो. त्याचा राग मला पटतो. त्याच्या वयात मी त्याच्या जागी असतो तर मलाही असाच राग आला असता. व्यायाम मात्र तो चुकवत नाही, आणि दुखलं की कुठे दुखलं ते स्पष्ट सांगतो. सध्या माझ्यासाठी तेवढं पुरे आहे.